भंडारदरा: काजव्यांना झोत दिव्यांचा

अकोले तालुक्यातील भंडारदरा जलाशयाकाठच्या कॉटेजमध्ये मुक्काम ठोकून रंधा धबधबा, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, सांदण दरी आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर पाहण्याकडे मुंबई-पुणेकरांचा ओढा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्यात काजव्यांची भर पडते. मात्र, काजव्याचे लुकलुकणे हा जोडीदारासाठीचा संकेत असतो. मोटारींच्या दिव्यांत व विजेऱ्यांच्या झोतात तो हरवतो. मीलन टळले, तर पुढील पिढी घटणार. यातील बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तंबूवाले, वाटाडे आणि खाणावळी यांची हंगामी कमाईही या किड्यांवरच अवलंबून आहे. तेव्हा वाहने गावाबाहेर थांबवून स्थानिक वाटाड्यासोबत अंधारात पायी जाणे, हाच उभयतांच्या हिताचा मार्ग होय.