नाव ‘राखीव’, पण राखून कधी ठेवतात? जालन्याच्या एसआरपीएफ जवानाचा बंदोबस्त आणि घरी परतण्याची गोष्ट

गणपती विसर्जन असो, निवडणूक असो की एखाद्या गावात झालेला तणाव. रस्त्याच्या कडेला काठी, ढाल आणि हेल्मेट घेऊन रांगेत उभे असलेले जवान तुम्ही नक्की पाहिले असतील. बहुतेक लोक त्यांना स्थानिक पोलीस समजतात. प्रत्यक्षात त्यातले अनेक जण शेकडो किलोमीटरवरून आलेले असतात आणि परत कधी जायचं, हे त्यांनाच माहीत नसतं.

हे जवान राज्य राखीव पोलीस बलाचे, म्हणजे एसआरपीएफचे. या दलाचा गट क्रमांक ३ जालन्यात आहे.

राखीव म्हणजे नेमकं काय?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ‘राखीव’ म्हटलं की वाटतं, एरवी आपला कामधंदा करणारा आणि गरज पडली की वर्दी घालणारा माणूस. तसे लोकही आहेत. सैन्यात प्रादेशिक सेना आहे. राज्यात होमगार्ड आहेत, ज्यांना काम मिळेल त्या दिवसाचाच भत्ता मिळतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने हा भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये केला.

एसआरपीएफचा जवान मात्र पूर्णवेळ नोकरीत असतो. या दलाची सुरुवात १९४८ साली झाली आणि १९५१ साली त्यासाठी वेगळा कायदा आला. कल्पना साधी होती. प्रत्येक पोलीस ठाण्यात कायमचं जास्त मनुष्यबळ ठेवणं परवडत नाही. म्हणून एक प्रशिक्षित, सशस्त्र फौज बाजूला ठेवायची आणि जिथे गरज असेल तिथे पाठवायची.

मग बाजूला ठेवलेली फौज असते कुठे?

कॅलेंडर उघडून बघा. आषाढीला पंढरपूर. भाद्रपदात मुंबई-पुण्याचा गणेशोत्सव. मग नवरात्र. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, त्याच सुमारास नागपूरचं हिवाळी अधिवेशन. १ जानेवारीला पेरणे फाटा. याशिवाय गडचिरोलीची नक्षलविरोधी ड्युटी आणि निवडणुका. २०२४ मध्ये लोकसभेचं मतदान राज्यात पाच टप्प्यांत झालं आणि विधानसभेचं दिवाळीनंतर तीन आठवड्यांच्या आत, २० नोव्हेंबरला.

थोडक्यात, लोकांचा सण तोच जवानाचा बंदोबस्त. मराठवाड्यात घरोघरी महालक्ष्म्या बसतात त्या गणपतीच्याच दिवसांत. नेमका तेव्हा घरातला वर्दीवाला माणूस दुसऱ्या शहरातल्या चौकात उभा असतो.

बंदोबस्तातला दिवस कसा जातो?

गटाचा प्रमुख म्हणजे समादेशक. त्याच्या हाताखाली कंपन्या, कंपनीत प्लाटून. आदेश आला की कंपनी हत्यारं, ढाली, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी गाडीत टाकून निघते. जालना ते गडचिरोली हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. समृद्धी महामार्गामुळे नागपूरपर्यंतचा प्रवास सोपा झाला, पण खरं जंगल त्यानंतर सुरू होतं.

मुक्काम बहुतेक वेळा शाळेत, मंगल कार्यालयात किंवा समाजमंदिरात. शाळेत मुलांसाठी असतील तेवढीच शौचालयं आणि तेवढेच नळ. त्यात अख्खी कंपनी. त्यामुळे अंघोळीच्या नंबरासाठी पहाटेच उठावं लागतं. जेवण कंपनीच्या मेसमध्ये. ड्युटीचा बराचसा भाग म्हणजे नुसतं उभं राहणं. काही घडलं नाही, तर बंदोबस्त यशस्वी. त्यामुळे चांगल्या दिवसाची बातमी होत नाही.

अडचण नेमकी कुठे आहे?

दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर जवान तिथल्या पोलीस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या सांगण्यानुसार काम करतो. पगार, रजा आणि सेवेच्या नोंदी मात्र त्याच्या मूळ गटाकडे. म्हणजे काम सांगणारा एक आणि रजा देणारा दुसरा. स्थानिक अधिकाऱ्याला वाटतं, तणाव पुरता निवळेपर्यंत कंपनी राहू द्यावी. जास्तीचं मनुष्यबळ कोणाला नको असतं? पण त्या प्रत्येक वाढीव दिवसाची किंमत त्याच्या ठाण्याला नाही, तर जालन्यातल्या घरांना मोजावी लागते.

जालना जिल्ह्याने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि राज्यभर वातावरण तापलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. अशा वेळी बाहेरून कुमक येते. कोणत्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातली घरं तेव्हा जालन्याकडे डोळे लावून बसलेली असतात.

घरी परतणंही सोपं नसतं

२०२० मध्ये हे सगळ्यांना दिसलं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत मालेगाव आणि मुंबईत बंदोबस्त करून परतलेले जालना व हिंगोलीच्या गटांतले जवान पॉझिटिव्ह निघाले. घर जवळ आलं, पण घरात जाता येईना. ज्या तुकडीने हॉटस्पॉटमध्ये लोकांना घरात थांबवलं, तिच्याच जवानांना विलगीकरणात राहावं लागलं.

एरवीचं परतणं शांत असतं. आधी हत्यारं शस्त्रागारात जमा, मग हजेरी, मग रजेचा अर्ज. कुटुंब वसाहतीत असेल तर पाच मिनिटांत घर. गावाकडे असेल तर पुढे एसटीचा प्रवास. आणि रजा संपायच्या आत पुढचा आदेश येणार नाही, याची खात्री नाही. म्हणूनच अनेकांचं लक्ष जिल्हा पोलीस दलातल्या बदलीकडे असतं. पण त्यासाठी आधी ठरावीक वर्षांची सेवा पूर्ण करावी लागते.

मग करता काय येईल?

बंदोबस्त बंद होणार नाही, हे जवानांनाही माहीत आहे. पण वारी, गणपती, ६ डिसेंबर, अधिवेशन या गोष्टी अचानक येत नाहीत. त्यांच्या पाळ्या वर्षाच्या सुरुवातीला ठरू शकतात. आदेशात निघण्याच्या तारखेसोबत परतण्याची तारीखही लिहिता येते. मुदत वाढवायची असेल, तर मागणाऱ्या जिल्ह्याने लेखी कारण द्यावं. राहण्याच्या सोयीची जबाबदारीही त्याच जिल्ह्याची असावी.

याला फार मोठा खर्च लागत नाही. राखीव फौजेतला काही भाग खरोखर राखून ठेवला, तर अचानक गरज पडेल त्या दिवशी पाठवायला थकलेली नव्हे, ताजी माणसं हाताशी असतील. त्यात जवानाचा फायदा आहेच. पण ज्या गावात तणाव आहे, त्या गावाचा त्याहून जास्त आहे. कारण सलग महिनाभर नीट न झोपलेल्या माणसाच्या हातात काठी असणं कोणाच्याच भल्याचं नाही.