आम्ही कुणाचा पूल?

दोस्तहो, एचआयव्हीच्या सरकारी शास्त्रात माणसांची एक उतरंड रचलेली आहे. सगळ्यात खाली ‘अतिजोखमीचे गट’: धंद्यातल्या बाया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुई टोचून नशा करणारे. सगळ्यात वर ‘सर्वसाधारण जनता’, धुतल्या तांदळाची. आणि मधल्या मडक्यात आम्ही, ट्रकवाले अन् गाव सोडून मजुरीला गेलेले. आमचं नाव ‘ब्रिज पॉप्युलेशन’. पूल! खालचा रोग आमच्या पाठीवरून चालत वरच्यांच्या घरात जातो, असं यांचं म्हणणं. पुलावरून काय काय गेलं ते सगळे मोजतात, पुलाला काय होतं ते कोण विचारतो?

मी सडक अर्जुनीचा. गावाच्या नावातच सडक. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा हमरस्ता, जुना सहा नंबर, आताचा त्रेपन्न, आमच्या अंगावरून जातो. कोहमाऱ्याच्या फाट्यावर रात्रभर ट्रक उभे असतात. धान कापून झालं की गावातले हात रिकामे. मग ठेकेदाराची गाडी येते, कोणी नागपूरला, कोणी हैदराबादला, कोणी माझ्यासारखा मुंबईच्या गोदीत. या शास्त्राच्या हिशेबानं मी जन्मानं रस्ता आणि कर्मानं पूल.

ती यादी नीट वाचा. यादीत ट्रकचा ड्रायव्हर आहे, ट्रकचा मालक नाही. मजूर आहे, ठेकेदार नाही. बाई आहे, तिच्या खोलीचं भाडं खाणारा नाही, हप्ता नेणारा नाही. जवान माणसाला आठ-आठ महिने बायकोपासून तोडून एका खोलीत बारा जणांत झोपवायचं, ही कुणाची जोखीम? ती रक्ताच्या नळीत उतरत नाही, म्हणून ती तक्त्यात नाही. जातही तशीच. कुणाची पोरगी देवाला सोडली जाते, कुणाचा पोरगा गोणी उचलायला जातो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. यादीत मात्र त्याला ‘वर्तन’ म्हणतात. जसं काही आम्ही सकाळी उठून वर्तन निवडलं.

ही खोड जुनी. 1896 साली मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत, गोदीच्या अंगाला. दोन वर्षांत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि रोग हटवायच्या नावाखाली गरिबांची घरं हटली. असो.

आता संशोधनाकडं येतो. मी दहावी पास माणूस, इंग्रजी पेपर मला झेपत नाहीत, पण खोलीतल्या एका कॉलेजच्या पोरानं दोन रात्री बसून वाचून दाखवले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये संध्याकाळी टीव्हीवर देशाला कोरोनाचं गणित समजावणारे आयसीएमआरचे डॉ. रमण गंगाखेडकर आठवतात? (त्याच मे महिन्यात आमच्या सडकेवरून माणसं छत्तीसगडकडं पायी चालली होती, पोरं खांद्यावर घेऊन.) या माणसाचं त्याआधीचं काम पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतलं. 1997 च्या डिसेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये त्यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा अभ्यास छापून आला. पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायांचा. 525 जणी धंद्यातल्या, त्यांच्यात शंभराला पन्नास जणींना लागण. ते अपेक्षितच होतं. पण 391 जणी धंद्यात नव्हत्या, आणि त्यांच्यातही शंभराला जवळजवळ चौदा. अभ्यासाच्या मथळ्यातच लिहिलं होतं, एकाच नवऱ्याशी राहिलेल्या लग्नाच्या बाया.

मी हा अभ्यास फेकून देणार नाही. तो आमच्या आयाबहिणींच्या बाजूनं उभा राहिलेला साक्षीदार आहे. कुठल्याही यादीत नसलेल्या बाईला मंगळसूत्रातून रोग मिळाला, हे त्यानं आकड्यात सांगितलं. सोज्वळांच्या तोंडावर मारायला याच्यापेक्षा जड दगड कुठला? पण प्रस्थापितांनी त्यातून काय उचललं? एवढंच की नवरा हा पूल. म्हणजे नवऱ्याला पकडा, ट्रक टर्मिनलवर बोर्ड लावा, नाक्यावर पथनाट्य करा. नवऱ्याला घरापासून कोणी तोडलं, हे विचारायला कोणी ठेकेदाराच्या ऑफिसात गेला नाही.

दुसरा अभ्यास याहून मोठा. नऊ देशांत झाला, पुण्याची तीच संस्था त्यात होती, चेन्नईही होतं. 1,763 जोडपी, दोघांपैकी एकालाच लागण असलेली. अर्ध्यांना लगेच औषध, अर्ध्यांना पेशी खाली उतरेपर्यंत थांबवलं. मे 2011 मध्ये निकाल आला. लगेच औषध मिळालेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी. जोडीदाराकडूनच लागण झाली असं सिद्ध झालेल्या 28 जणांपैकी 27 थांबवून ठेवलेल्यांच्या घरातले. म्हणजे औषध हाच प्रतिबंध. ना पूल, ना वर्तन, ना नीतीचा उपदेश. गोळी वेळेवर पोटात गेली की रोगाचा रस्ता बंद.

मग सरकारनं काय केलं? वाट पाहिली! जोडप्यांनी रक्त दिलं, जगाला उत्तर मिळालं. आणि या देशात ‘तपासा आणि लगेच औषध द्या’ हे धोरण आलं एप्रिल 2017 मध्ये. सहा वर्षं. या सहा वर्षांत खेड्यातला माणूस तपासणीला गेला की त्याला सांगत, तुझ्या सीडीफोर पेशी अजून ठरल्या आकड्याच्या खाली उतरल्या नाहीत, नंतर ये. नंतर म्हणजे कधी? तो परत कामावर गेला, परत घरी आला, बायकोजवळ झोपला. त्या घरातली लागण कोणाच्या खात्यात लिहायची? वर्तनाच्या की फायलीच्या?

औषधाची गोष्ट तर याच्याही आधीची. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लानं जाहीर केलं की वर्षाचं औषध आफ्रिकेसाठी साडेतीनशे डॉलरला देतो. तोवर परदेशी कंपन्या दहा हजारांच्या वर घेत होत्या. सिप्लाचं मुख्य कार्यालय तेव्हा मुंबई सेंट्रलला, कामाठीपुऱ्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. कामाठीपुऱ्यातल्या बाईला सरकारी फुकट औषध मिळायला 1 एप्रिल 2004 उजाडावा लागला. मधल्या तीन वर्षांत किती गेल्या, त्यांचा पेपर कोणी लिहिला नाही.

2017 मध्ये कायदाही झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. चांगला कायदा आहे, पाठ करून ठेवा. पण कलम 14 मध्ये औषध पुरवायचं ते ‘शक्य तितपत’. बघा, साल्यांनी शब्द कसा ठेवलाय! मजुरी शक्य तितपत, पाणी शक्य तितपत, औषध शक्य तितपत. 2022 च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधाच्या तुटवड्यापायी एचआयव्हीसोबत जगणारी माणसं दिल्लीत नॅकोच्या दारात महिनाभराहून जास्त बसली. सरकार म्हणालं, साठा पुरेसा आहे.

आता गोदीत या. इथं आमच्यापैकी बहुतेक कंत्राटी, पाळी लागली तर मजुरी. समजा एकाला लागण आहे. औषध रोज एक गोळी, तिला त्रास फारसा नाही. त्रास दुसरा आहे. केंद्र बदलायचं तर गावच्या केंद्रातून बदलीचा कागद लागतो. तो आणायला दोन दिवस रेल्वेत, दोन दिवसांची मजुरी बुडाली, मुकादमानं नाव कापलं. कागद नाही आणला तर गोळी तुटली, आणि गोळी तुटली की रोग पुन्हा उचल खातो. खोलीत डबी लपवायची कुठं? “कायची गोळी खातेस बे?” असं सोबत्यानं विचारलं की सांगायचं, ॲसिडिटीची. शास्त्रज्ञ याला ‘औषधात सातत्य नसणे’ म्हणतात आणि रोग्याच्या नावापुढं खूण करतात. खूण मुकादमाच्या नावापुढं करा की!

मागच्या साली एका कंत्राटदारानं ‘आरोग्य तपासणी’ म्हणून आम्हाला रांगेत उभं केलं. बाही वर, रक्त काढलं, कशाचं ते कोणी सांगितलं नाही. रिपोर्ट आमच्या हातात आला नाही, मुकादमाच्या टेबलावर गेला. तिसऱ्या दिवशी एक सोबती पाळीवर दिसला नाही, पुढंही नाही. कायद्याचं कलम 5 सांगतं की माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच तपासणी. कलम 8 सांगतं की त्याची माहिती त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला द्यायची नाही. कामावर ठेवण्यासाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही.

हे हक्क कोणी बंगल्यातून फेकले नाहीत. 3 एप्रिल 1997 ला मुंबई हायकोर्टानं एका हंगामी मजुराच्या बाजूनं निकाल दिला. सरकारी महामंडळानं लागण आहे म्हणून त्याचं काम काढलं होतं. कोर्ट म्हणालं, काम करायला तो धडधाकट आहे आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, तर काम नाकारता येणार नाही. खटल्यात त्याचं नाव फक्त ‘एमएक्स’. गंगाखेडकरांचा अभ्यास आला ते वर्ष हेच. एमएक्सनं रक्त दिलं नाही, कोर्टफी दिली. दोघांचं काम सारखंच मोठं, पण त्याच्या नावाचं भाषण कोणी करत नाही.

आणि सांगली. तिथं 1992 पासून मीना सेषू यांची ‘संग्राम’ आहे, 1996 मध्ये धंद्यातल्या बायांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. निरोध वाटणाऱ्या त्याच, दवाखान्यात सोबत जाणाऱ्या त्याच, पोलिसाशी भांडणाऱ्याही त्याच. अतिजोखमीचा गट म्हणे! त्यांनी ‘गट’ हा शब्द उलटा केला आणि संघटना केली. गोदीतल्या आमच्या पोरांनी एवढं शिकायला हरकत काय?

म्हणून मागायचं ते हे. औषध आणायच्या दिवसाची मजुरी कंत्राटदारानं भरावी. स्थलांतराला निघणाऱ्याला तीन महिन्यांचं औषध हातात मिळावं, आणि बदलीचा कागद फोनवरून, गावाला न धाडता. पुण्या-मुंबईच्या संशोधकांनी पुढच्या वेळी रक्तासोबत हजेरीपट, कंत्राट आणि खोलीचं भाडंही तपासावं, आणि निष्कर्ष इंग्रजी जर्नलमध्ये जाण्याआधी गोदीच्या गेटवर मराठी-हिंदीत सांगावा. आणि तुम्ही, दोस्तहो, कंत्राटदाराच्या पुढच्या रांगेत उभं राहण्याआधी कागद मागा. रक्त कशासाठी काढता, रिपोर्ट कुणाकडं जाणार, लिहून द्या म्हणा. नाही दिलं तर बाही खाली करा.