शेती अधिक शिकार: अमेरिकेत जमिनीचा भाव कोण ठरवतो, पीक की हरीण?

अमेरिकेत मक्याचे भाव २०२२ च्या उच्चांकावरून बरेच उतरले. मका पिकवण्यात आघाडीवर असलेल्या आयोवा राज्यात जमीन मात्र त्या प्रमाणात स्वस्त झाली नाही. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या वार्षिक पाहणीनुसार सरासरी दर २०२२ मध्ये एकरी ११,४११ डॉलर होता, तर २०२४ मध्ये ११,४६७ डॉलर. यामागे कारणे अनेक आहेत. दक्षिण आयोवातील चढउताराच्या, झाडीच्या भागात त्यातले एक कारण म्हणजे शिकारीसाठी जमीन घेणारा शहरी ग्राहक.

जाहिरातीत काय असते?

अशा जमिनीत साधारण तीन तुकडे असतात.

- पिकाखालील क्षेत्र: मका, सोयाबीन. मातीची प्रत ‘सीएसआर२’ या गुणांकाने सांगतात. कमाल गुण १००.
- सीआरपी क्षेत्र: १९८५ च्या कायद्याने सुरू झालेली सरकारी योजना. धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे पिकाबाहेर ठेवून गवत किंवा झाडे लावायची, त्याबदल्यात सरकार दरवर्षी भाडे देते. करार मध्येच मोडला तर घेतलेले पैसे व्याजासह परत करावे लागतात.
- झाडी, ओढे, कुरण: येथे पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि रानटी टर्की यांची शिकार होते.

वन्यप्राणी राज्याच्या मालकीचे असतात. हंगाम आणि परवाने राज्य ठरवते. पण जमिनीत कोणाला येऊ द्यायचे, हा हक्क मालकाचा. तोच हक्क तो भाड्याने देऊ शकतो.

हिशेब करून पाहा

समजा, १६० एकर जमीन एकरी ७,००० डॉलरने विकायला आहे. एकूण किंमत ११,२०,००० डॉलर. हे सर्व दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

- पीक: ७० एकर, खंड एकरी २०० डॉलर = १४,०००
- सीआरपी: ३० एकर, एकरी १८० डॉलर = ५,४००
- शिकारीचे भाडे: १६० एकर, एकरी २० डॉलर = ३,२००

वर्षाचे उत्पन्न २२,६०० डॉलर, म्हणजे किमतीच्या सुमारे २ टक्के. यातून मालमत्ता कर अजून वजा व्हायचा आहे. अर्धी रक्कम ७ टक्के व्याजाने काढली तरी नुसते व्याज ३९,२०० डॉलर होते. म्हणजे ही जमीन स्वतःचे कर्ज स्वतः फेडू शकत नाही. शहरातल्या डॉक्टरला किंवा व्यावसायिकाला त्याची चिंता नसते; त्याचा पैसा दुसरीकडून येतो आणि त्याला शिकारीचा आनंद हवा असतो. शेतीवर घर चालवणारा तरुण शेतकरी लिलावात मागे पडतो, तो इथेच.

नुकसान कोणाचे?

आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. झाडीलगतच्या ओळी हरणे खातात, तेव्हा तोटा कसणाऱ्याचा होतो. शिकारीचे भाडे मात्र मालकाच्या खिशात जाते. म्हणून जाणते खंडकरी करारातच दोन गोष्टी ठरवून घेतात: कडेच्या नुकसानीपोटी खंडात सूट, किंवा शिकारीचा हक्क स्वतःकडे.

तुमच्यासाठी यात काय?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे रानडुक्कर किंवा नीलगाय हे आपल्यासाठी उत्पन्न नसून निव्वळ खर्च आहे. शिवाय १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला सहजासहजी शेतजमीन घेता येत नाही. आयोवात अशी अट नाही. शेतकरी नसलेली पैसेवाली व्यक्तीही बोली लावू शकते. कलम ६३ सैल करण्याची चर्चा होते तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

तरीही शहराजवळच्या, फार्महाऊसच्या मागणीच्या पट्ट्यात तुम्ही हेच पाहता: भाव पिकाला परवडत नाही. अशी जमीन घेताना एकरी सरासरी भावावर जाऊ नका. लागवडीचे, पोटखराब्याचे आणि जंगलालगतचे क्षेत्र सातबाऱ्यावरून आणि प्रत्यक्ष फिरून वेगळे करा. प्रत्येक तुकड्याचे वर्षाचे उत्पन्न मांडा, कुंपणाचा आणि राखणीचा खर्च वजा करा. उरलेल्या रकमेतून कर्जाचा हप्ता निघत नसेल, तर वरची किंमत तुम्ही पिकासाठी नव्हे, हौसेसाठी मोजत आहात. ती हौस परवडते का, हे सौद्याआधी ठरवा.