कॅरमचं टेबल बनवू नका, त्यावरचं झाकण विका



या आठवड्याच्या व्हिडिओत फर्निचरच्या छोट्या धंद्यांबद्दल बोललो. वेळेअभावी एक मुद्दा अर्धवट राहिला, तो इथे नीट मांडतो. आधीच सांगतो, हे माझं मत आहे. पटलं नाही तर जरूर भांडा, पण आकडे घेऊन भांडा.

सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘मल्टिपर्पज फर्निचर’ आहे. दिवसा जेवणाचं टेबल, रात्री कॅरम. कल्पना छान आहे, पण त्यासाठी पाय हवेत, चौकट हवी, पॉलिश हवं, ठेवायला जागा हवी आणि टेम्पो हवा. एवढं भांडवल अडकवून तुम्ही उभे राहणार कुठे? तर मोठ्या शोरूमच्या शेजारी. माझं म्हणणं असं की सुरुवातीला टेबलाच्या नादी लागूच नका. लोकांच्या घरात कॅरम बोर्ड आधीच आहे. त्यावर बसणारं, काढता येणारं झाकण बनवा.

गिऱ्हाइकाची अडचण नेमकी काय?

वन बीएचकेमध्ये स्टँडवर ठेवलेला कॅरम म्हणजे आठ-साडेआठ चौरस फूट अडवलेली जागा. म्हणून तो उभा करून कपाटामागे जातो, आणि एकदा गेला की दिवाळीच्या सुट्टीशिवाय बाहेर येत नाही. तोच बोर्ड हॉलमध्ये राहिला आणि त्यावर पोरांचा अभ्यास, लॅपटॉप, चार माणसांचं जेवण झालं, तर जागेचा प्रश्न सुटतो. गिऱ्हाईक प्लायचे पैसे देत नाही, ते या जागेचे पैसे देतं.

आता इथेच बहुतेक जण फसतात. अठरा एमएमची एक अखंड फळी, वर चकाचक सनमायका, झालं झाकण! दिसायला भारी. पण दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलेली अशी तीन फुटी फळी साधारण अकरा-बारा किलोची होते. घरातली आजी ती उचलू शकत नाही, पोरं तर नाहीच. पहिले आठ दिवस उत्साहाने निघते, मग कायमची बसते. खाली कॅरम आहे हेसुद्धा लोक विसरतात. असं गिऱ्हाईक तुमची तक्रार करणार नाही, पण तुमचं नावही कुणाला सांगणार नाही. छोट्या धंद्याला दुसरं वाक्य जास्त महाग पडतं.

म्हणून माझी कसोटी एकच. घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला एका मिनिटात झाकण काढून बाजूला ठेवता आलं पाहिजे. बाकी सगळं डिझाइन या एका वाक्यातून निघतं.

मापातच धंदा आहे

आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांनुसार खेळाचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंमी चौरस असतो. भोवतालची लाकडी चौकट ६.३५ ते ७.६० सेंमी रुंद आणि पृष्ठभागापासून १.९० ते २.५४ सेंमी उंच असते. म्हणजे मॅच साइजचा बोर्ड बाहेरून जास्तीत जास्त ८९.२ सेंमी भरतो. ९० सेंमी चौरस झाकण कुठल्याही मॅच बोर्डवर बसतं. घरगुती छोटे बोर्ड मात्र वेगवेगळ्या मापांचे येतात, तिथे टेप घेऊन जावंच लागेल.

आता हे ९० सेंमी तीन फळ्यांत वाटा, प्रत्येक फळी ९० बाय ३० सेंमी. बारा एमएम प्लाय वापरा, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावा. एक फळी पावणेतीन किलोच्या आसपास येते. तिन्ही एकावर एक ठेवून दिवाणाखाली सरकवता येतात.

लॅमिनेट दोन्ही बाजूंनी का? फक्त वरून लावलं की काही दिवसांत फळी एका बाजूला वाकते. वर एक एमएमचं लावा, खाली पातळ चालेल, पण खालचं वगळू नका.

प्रत्येक फळीच्या खाली दोन्ही टोकांना बारा एमएम जाडीची छोटी पट्टी बसवा. ही पट्टी चौकटीच्या आतल्या कडेला अडकते, त्यामुळे झाकण सरकत नाही. दोन टोकांच्या पट्ट्यांचं बाहेरून बाहेर माप ७३ सेंमी ठेवा, म्हणजे फळी सहज बसते आणि सहज निघते. कडेच्या फळ्यांना पट्टी चौकटीची रुंदी सोडून आत बसवायची, म्हणजे झाकण पुढे-मागेही हलत नाही. चौकट निदान १९ एमएम उंच असल्यामुळे पट्टी खेळाच्या पृष्ठभागाला टेकत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, सगळा भार चौकटीवर आला पाहिजे, बोर्डवर नाही. बोर्डवर ओरखडा आला तर पुढचं काही बोलायला जागा उरत नाही. चौकटीवर टेकणाऱ्या भागाला फेल्टची पट्टी चिकटवा.

एका शीटमधून किती?

आठ बाय चारची शीट म्हणजे २४४ बाय १२२ सेंमी. अखंड झाकणं कापली तर दोनच निघतात. ९० बाय ३० च्या फळ्या कापल्या तर लांबीत दोन आणि रुंदीत चार अशा आठ निघतात, आणि उरलेल्या तुकड्यातून आणखी दोन. एकूण दहा. नऊ फळ्यांची तीन झाकणं झाली, दहावीतून सगळ्या पट्ट्या निघाल्या. तेवढ्याच शीटमध्ये दोनऐवजी तीन नग! ज्या डिझाइनने आजीची सोय झाली, त्याच डिझाइनने तुमचा मालही वाचला.

एक बारकावा. शेवटच्या दोन फळ्यांच्या रेषा आडव्या येतात, त्या थोड्या जास्त लवतात. एक पट्ट्यांसाठी कापा. दुसरी कडेला वापरा, कारण कडेच्या फळीला चौकटीचा आधार पूर्ण लांबीभर मिळतो. मधल्या फळीला आधार फक्त दोन टोकांना असतो, तिथे उभ्या रेषांचीच फळी हवी. पहिला नग झाला की मधल्या फळीच्या मधोमध वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जार रात्रभर ठेवा. सकाळी फळी सरळ झाली नाही तर ती प्लाय बदला, गिऱ्हाइकाकडे पाठवू नका.

मशीन विकत घेण्याची घाई नको. मोठ्या वर्कशॉपमध्ये पॅनल सॉवर फळ्या कापून मिळतात, कडा सरळ येतात. तुमचं काम मोजणं, जोडणं, तपासणं आणि घरी नेऊन बसवून दाखवणं.

हिशोब मांडा

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही भरा. समजा एका शीटमागे प्लाय, लॅमिनेट, कडेची पट्टी, फेल्ट, फेव्हिकॉल आणि कापणी मिळून ६,००० रुपये लागले. तीन झाकणांत वाटले तर नगाला २,०००. मोजायला जाणं, चिकटवणं, पोचवणं असे तुमचे आठ तास, तासाला १५० धरून १,२००. वाहतूक ३००. पुढे दुरुस्तीसाठी बाजूला २००. झाले ३,७००. ४,८०० ला विकलं तर नगामागे १,१०० उरतात.

आता हेच गणित एका ऑर्डरवर करून बघा. शीट पूर्ण आणावी लागते, ६,००० गेले आणि आले ४,८००. तुमची मजुरी तर धरलीच नाही! म्हणून नियम करा, तीन ऑर्डर जमल्याशिवाय शीट कापायची नाही. निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि तारीख त्या हिशोबानेच द्या. ‘थोडा माल तयार करून ठेवतो, विकला जाईल’ हा विचार मापाच्या धंद्यात चालत नाही.

आणि स्वतःचे तास धरायला लाजू नका. मजुरी न धरता उरलेल्या पैशाला नफा म्हणतात, तिथेच निम्मे घरगुती धंदे गुपचूप मरतात.

“पण आमचा सुतार हजारात करून देईल”

देईल ना. प्लायचा तुकडा कापून देईल. ज्याला तेवढंच हवंय त्याला हसून जाऊ द्या. भाव पाडून त्याच्या मागे धावू नका. तुम्ही विकताय ते अडकणारं, हलकं, बोर्डला न टेकणारं आणि घरी येऊन बसवून दिलेलं झाकण. ते समजावण्यासाठी एक मिनिटाचा व्हिडिओ करा, त्यात एखाद्या आजीबाईंना तिन्ही फळ्या काढताना दाखवा. यापेक्षा चांगली जाहिरात मला सुचत नाही.

दोन ठिकाणी मात्र ऑर्डर नाकारा. पहिलं, कात्रीसारखं उघडणारं डगमगतं स्टँड असेल तर. वर गरम आमटीचं पातेलं येणार आहे आणि शेजारी लहान मूल असू शकतं. आधी पक्कं स्टँड, मग झाकण. दुसरं, शिलाई मशीन ठेवणार किंवा वर चढून पंखा पुसणार असं कुणी म्हणालं तर. हे झाकण त्यासाठी नाही, हे तोंडावर सांगा आणि बिलावरही लिहा. सांधे असल्यामुळे सांडलेला चहा खाली जाऊ शकतो, म्हणून वर रेक्झिनचा टेबलक्लॉथ घालायला सांगा. तो सोबत विकलात तरी चालेल, पण ही गोष्ट लपवू नका.

तुम्ही स्वतः हाताने सुतारकाम करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती घ्या. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. उद्यम नोंदणीही करून टाका, सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

काही विकत आणू नका. ओळखीच्या दहा घरांत जा. कॅरम आहे का, कुठे ठेवलाय, शेवटचा कधी खेळलात, एवढं विचारा. बोर्डची बाहेरची बाजू, चौकटीची रुंदी आणि चौकटीची उंची, ही तीन मापं वहीत लिहा. दहापैकी तिघांनी आगाऊ पैसे दिले तर शीट आणा. नाही दिले तर तुमचे सहा हजार वाचले, आणि दहा घरांची मापं हातात आली ती वेगळीच.

तीन ऑर्डर जमल्या की कॉमेंटमध्ये कळवा. भाव ठरवताना कुठे अडलात तेही लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.