सेनापतीच्या आठ वह्या

काळ्या पुठ्ठ्याच्या आठ वह्या. लांबी-रुंदी साधारण आठ इंच बाय पाच इंच. पुठ्ठ्यावर मालकाचे व्हिजिटिंग कार्ड चिकटवलेले. आत रोजच्या बैठकांची टिपणे. बैठका मात्र रोजच्या नव्हत्या. अफगाणिस्तानातल्या युद्धाचे डावपेच, गुप्तपणे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांची खरी नावे, हेरखात्याची क्षमता, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतली चर्चा आणि खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांशी झालेली बोलणी, असा सगळा ऐवज त्या वह्यांत होता. वह्यांचे मालक होते जनरल डेव्हिड पेट्रेयस. २०११ च्या ऑगस्टअखेर त्यांनी या वह्या आपले चरित्र लिहिणाऱ्या बाईंकडे नेऊन दिल्या आणि चार दिवसांनी परत आणल्या. त्यांत अत्यंत गोपनीय मजकूर आहे, हे त्यांनी त्याच महिन्यात त्या बाईंना सांगितले होते, आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित झालेले होते. म्हणजे आपल्या हातात काय आहे हे माहीत नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

पेट्रेयस हे नाव त्या काळी अमेरिकेत किती मोठे होते, हे आज सांगावे लागते. २००७ मध्ये इराकचे युद्ध हाताबाहेर गेले असताना सूत्रे त्यांच्याकडे आली आणि हिंसाचार खरोखरच पुष्कळ खाली आला. पुढे अफगाणिस्तान. सदतीस वर्षे लष्करात काढलेला, प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळवलेला, पहाटे सैनिकांबरोबर मैलोन्‌मैल धावणारा सेनापती. निवृत्त होताच सीआयएचे प्रमुखपद मिळाले. पुढेमागे राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचे नाव घेतले जाई.

२०१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी राजीनामा दिला. कारण त्या चरित्रकार बाईंशी असलेले विवाहबाह्य संबंध. तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे आणि वर्तमानपत्रांनी त्यावर जेवढी शाई खर्च केली त्याच्या दशांशही वह्यांवर केली नाही. पण मुद्दा वह्यांचाच आहे. गोपनीय माहिती तुम्ही त्या बाईंना दिलीत का, असे एफबीआयने २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विचारले, तेव्हा ते ‘नाही’ म्हणाले. सीआयए सोडताना आपल्याजवळ कोणतेही गोपनीय कागद नाहीत, अशा निवेदनावर त्यांनी सही केली. २०१३ च्या एप्रिलमध्ये घराची झडती झाली, तेव्हा वह्या अभ्यासिकेतल्या टेबलाच्या कुलूप नसलेल्या खणात सापडल्या.

तपास करणाऱ्यांना गंभीर गुन्हा दाखल करायचा होता. खोटे बोलणे हाही अमेरिकेत मोठा गुन्हा आहे. अॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी तो निर्णय केला नाही. तडजोड झाली, गोपनीय कागद अनधिकृतपणे बाळगल्याचा किरकोळ स्वरूपाचा एकच आरोप ठेवला गेला आणि पेट्रेयस यांनी तो कबूल केला. २३ एप्रिल २०१५ रोजी शार्लट शहरातल्या न्यायाधीशांनी दोन वर्षांची देखरेख आणि एक लाख डॉलर दंड अशी शिक्षा सुनावली. दंड चाळीस हजार डॉलर असावा, ही सरकारची शिफारस. गुन्ह्याचे गांभीर्य दिसावे म्हणून न्यायाधीशांनी तो वाढवला, इतकाच काय तो कडकपणा.

आता जनरलसाहेबांच्या बाजूने जे बोलले जाते तेही ऐकले पाहिजे. त्यांनी शत्रूला काही विकले नाही. वह्यांतला गोपनीय मजकूर चरित्रात आला नाही, हे सरकारी पक्षानेही मान्य केले. अमेरिकेत गोपनीयतेचा शिक्का इतका सढळ हाताने मारला जातो, की वरच्या माणसाला तो पाळणे कठीणच. आणि आयुष्य देशासाठी घालवलेल्या माणसाला चार वह्यांपायी गुन्हेगार ठरवायचे का? यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त पटते आणि सर्वांत जास्त खटकतेही. का, ते सांगतो.

मी तेहतीस वर्षे बँकेत होतो. बँकेत रुजू होताना निष्ठेच्या आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. खातेदाराचा व्यवहार बाहेर बोलायचा नाही. आमच्या एका शाखेतल्या क्लार्कने लग्न जमवताना मुलीच्या वडिलांची मुदत ठेव किती आहे, हे आपल्या मेव्हण्याला सांगितले. तक्रार आली. क्लार्क सस्पेंड झाला, चार्जशीट, खातेनिहाय चौकशी, दोन वेतनवाढी गेल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने चूकच केली होती. पण त्याच सुमारास एका बड्या साहेबांनी एका कारखानदाराचे खाते बुडायला आल्याचे क्लबात चारचौघांत सांगितले. गावभर झाले. साहेबांची बदली झाली, निरोपाला शाल-श्रीफळ आणि त्यांच्या पस्तीस वर्षांच्या सेवेवर भाषणे. त्यानंतर आमच्याकडे नवीन मुलगा प्रतिज्ञापत्रावर सही करायला बसला, की जुने क्लार्क एकमेकांकडे बघून हसत. कागद तोच होता, पण तो नेमका कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळून चुकले होते.

हेरखात्यातही माणसेच असतात. २३ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे एफबीआयसमोर ‘नाही’ म्हणण्याच्या बरोबर तीन दिवस आधी, सीआयएप्रमुख पेट्रेयस यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना एक निवेदन पाठवले. जॉन किरियाकू या माजी अधिकाऱ्याने त्या दिवशी गुन्हा कबूल केला होता. आपण कायद्याच्या वर आहोत असे समजणाऱ्यांना परिणाम भोगावे लागतात, शपथेला मोल असते, असा निवेदनाचा आशय. किरियाकू यांचा गुन्हा काय, तर एका गुप्त अधिकाऱ्याचे नाव त्यांनी पत्रकाराला सांगितले. त्या पत्रकाराने ते छापले नाही. शिक्षा तीस महिने. पेट्रेयस यांच्या वह्यांत अशी एकाहून अधिक नावे होती. किरियाकू तुरुंगातून घरी आले ते २०१५ च्या फेब्रुवारीत. पुढच्याच महिन्यात पेट्रेयस यांची तडजोड जाहीर झाली. कादंबरीत मी हा योगायोग घातला असता, तर संपादकांनी तो ओढूनताणून आणलेला म्हणून काढायला लावला असता.

हे सारे पाहून, लष्करातल्या बड्यांना कुणी हातच लावत नाही, असे वाटेल. ते खरे नाही. जनरल जेम्स कार्टराइट हे अमेरिकेच्या सेनादलांच्या संयुक्त प्रमुख मंडळाचे उपाध्यक्ष होते. इराणच्या अणुकार्यक्रमावर झालेल्या संगणकी हल्ल्याबद्दल पत्रकारांशी बोलल्याबाबत ते एफबीआयशी खोटे बोलले आणि २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी तो गंभीर गुन्हा कबूल केला. बातमी पत्रकारांकडे आधीच होती, देशाचे नुकसान टळावे म्हणून मी बोललो, असे त्यांचे म्हणणे. सरकारी वकिलांनी तुरुंगवास मागितला. पण शिक्षा सुनावण्याआधीच, १७ जानेवारी २०१७ रोजी, ओबामा यांनी त्यांना माफी दिली. एका सेनापतीचे खोटे बोलणे खटल्यात आले आणि दुसऱ्याचे आलेच नाही, याचे कारण मला तरी गुन्ह्यात सापडत नाही. पेट्रेयस यांची लोकप्रियता कार्टराइट यांच्यापेक्षा खूप मोठी होती, एवढाच फरक डोळ्यांत भरतो. एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी २०१८ च्या आत्मकथनात, पेट्रेयस यांच्यावर खोटे बोलल्याचा गंभीर गुन्हा लावायला हवा होता, असे स्पष्ट लिहिले आहे.

म्हणून मला वाटते, की खटला भरावा, आणि तो इतर कुणावर भरला असता तसाच भरावा. माणसाची सेवा मोजायची ती शिक्षेच्या वेळी. तिथे न्यायाधीश असतात, दोन्हीकडचे वकील असतात, गादीवर कोण बसले आहे हे सगळ्यांना दिसते. इराकमधली वर्षे तिथे मांडा, हवी तेवढी पत्रे जोडा. खरे तर पेट्रेयस यांच्यासाठी अनेक बड्यांनी न्यायाधीशांना पत्रे लिहिलीही. पण सेवेचे माप मंत्र्याच्या बंद दालनात, कोणता आरोप ठेवायचा हे ठरवतानाच वापरले, की न्यायाधीशांच्या हातात उरतो तो फक्त दंडाचा आकडा.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपला ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट १९२३ चा, इंग्रजांच्या वेळचा. २००७ मध्ये निवृत्त मेजर जनरल व्ही. के. सिंग (पुढे मंत्री झालेले लष्करप्रमुख ते वेगळे) यांनी रॉमधल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्यात खरेदीतल्या गैरव्यवहारांवर बोट ठेवले होते. त्यांच्यावर याच कायद्याखाली सीबीआयने गुन्हा नोंदवला. चरित्रकाराच्या हाती वह्या देणे आणि खात्यातली अनागोंदी लोकांना सांगणे यांत फरक करायला हवा, असे मला वाटते. पण तोही फरक न्यायालयात, उघडपणे व्हावा. गोपनीयतेचा कायदा कुणावर चालवायचा हे सरकारच्या मर्जीवर राहिले, तर तो नेमका अडचणीचे बोलणाऱ्यावरच चालतो.

एक प्रश्न कादंबरीकार म्हणून मला सतत पडतो. युद्धात पैचीही हयगय न करणाऱ्या माणसाने वह्या दिल्याच कशाला? प्रेम म्हणावे, तर तेवढे एकच कारण नसावे. आपण जे केले ते कुणीतरी नीट लिहून ठेवावे, ही इच्छा माणसाला फार उतारवयात छळते. सैन्यात नाव मिळते, पण तपशील सगळा कुलुपात. मला त्यांची कीव येते, आणि तरीही माझे मत बदलत नाही.

अशीच इच्छा एका बावीस वर्षांच्या नौसैनिकालाही झाली होती. २००९ मध्ये त्याने आपल्या अणुपाणबुडीच्या आतल्या भागाचे मोबाइलवर सहा फोटो काढले. आपण काय काम करतो हे पुढे घरच्यांना दाखवायचे होते, असे त्याच्या वकिलाचे म्हणणे. चौकशी सुरू झाल्यावर घाबरून त्याने लॅपटॉप आणि कॅमेरा नष्ट केला, हेही खरे. त्याच्यावर गंभीर गुन्हा ठेवला गेला आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये एक वर्षाची कैद झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नव्याने निवडून आलेले ट्रम्प परराष्ट्रमंत्री शोधत होते आणि न्यायालयाच्या देखरेखीचा काळ अजून न संपलेले पेट्रेयस त्यांना मुलाखत देऊन आले होते. पद शेवटी दुसऱ्याला मिळाले. नौसैनिक तेव्हा तुरुंगात होता. त्याला माफी मिळाली ती २०१८ च्या मार्चमध्ये, पूर्ण शिक्षा भोगून झाल्यावर.