प्रवेश मिळाला, जागा मिळाली का?

साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळाशाळांतून त्या दिवशी भाषणे होतात. परंतु बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्यातील बालपणाविषयी जे लिहून ठेवले आहे, त्यातील एक तपशील भाषणांतून सहसा निसटतो. वर्गातील इतर मुले गुणानुक्रमाने बसत. या मुलाला मात्र, क्रमांक कोणताही असो, कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. संध्याकाळी ते गोणपाट घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. प्रवेश होता, जागा नव्हती.

पुढे त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते उपदेशाचे नव्हते. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र स्वयंपाक करीत, एकाच पंक्तीला बसत व श्रम करून शिकत. समता हा तेथे पाठाचा विषय नव्हता, दिनक्रमाचा होता. हा भेद लहान नव्हे.

आजच्या आठवी-नववीच्या वर्गात गोणपाट नाही. परंतु कोपरा आहे. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते आणि कोण कोणत्या प्रवर्गातला हे साऱ्या वर्गाला कळते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्याची बोच किती लागते, हे यादी वाचणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. विज्ञानाच्या प्रयोगाला मुले पुढे सरसावतात, मुली नोंदी करतात. प्रश्न विचारला की ठराविक पाच-सहा हात वर होतात व तास पुढे सरकतो. शिक्षक पक्षपाती असतात असे नव्हे. अभ्यासक्रम संपवावयाचा असतो. पण न्याय केवळ हेतूवर ठरत नाही.

याहून कठीण गोष्ट आर्थिक आहे. शाळेत नाव घालण्याचा खर्च शासनाने उचलला, मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पासही मोफत दिला. मात्र मुलाच्या वेळेची किंमत घरालाच मोजावी लागते. बीडकडून ऊसतोडीसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या खोप्या दर हंगामात सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात पडतात. तेथे नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव अवजाराला नव्हे, अवजाराचे माणसाला. त्या घरातील चौदा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, स्वयंपाक करते, मोळ्याही बांधते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षाशी थांबतो, नेमकी जेथे तिची मजुरी घराला मोलाची वाटू लागते. आणि दहावीची परीक्षा येते ती गळीत हंगामाच्या अखेरीस.

अशा मुलीला गैरहजर म्हणून नोंदविणे नियमाला धरून आहे. सर्वांना सारखाच गृहपाठ देणेही नियमाला धरूनच आहे. ज्याच्या घरी दिवा व निवांत कोपरा आहे, त्यालाच तो जमतो, हा भाग वेगळा. शिक्षकांकडे निवडणुका, गणना आणि अहवाल यांची कामे आहेत, वर्ग मोठे आहेत, ही तक्रार खरीच आहे. तरीही काही गोष्टींना आदेश लागत नाही. यादी खासगीत सांगता येते. हात वर न करणाऱ्यांना पाळीपाळीने विचारता येते. गृहपाठाचा अर्धा भाग शाळेच्या वेळेतच करून घेता येतो. आणि दिवाळीनंतर गावी गेलेले वा खोपीवरून आलेले मूल वर्गात उभे राहिले, तर 'इतके दिवस कुठे होतास?' या प्रश्नाआधी त्याला वही देऊन, चुकलेला धडा कोण समजावील हे ठरविता येते.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. ही सारी तयारी त्याआधी व्हावयास हवी.