परसांतील चिनी कोबी

चिनी कोबी ही परकी भाजी. तिला आपल्या परसांत जागा कशास द्यावी, असें पुष्कळांचें म्हणणें असतें. आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. मिरची व बटाटा हीं देखील सागरापलीकडूनच आलीं. शिवाय नांवानें कोबी असली तरी ही भाजी सलगमाची सख्खी बहीण व मोहरीच्या कुळांतील आहे.

खरा प्रश्न ऋतूचा आहे. दिवस मोठे होऊं लागले कीं ती गड्डा न धरितां फुलावर येते. म्हणून पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरांत, बीं टोकावें. मुळें दुखावलेलीं तिला सोसत नाहींत. यास्तव बीं जागच्या जागीं टोकून मग विरळणी करावी व दोन रोपांत सुमारें 40 सेंटिमीटर अंतर राखावें. पाणी बेताचें, परंतु नियमित द्यावें.

पानांच्या घड्यांत मावा व अळ्या दडतात. छिद्र पडलेलें पान गिऱ्हाईक घेत नाहीं, म्हणून बाजारासाठीं पिकविणारा त्यांवर विषारी औषध फवारतो. परसांत दहाच रोपें असतात; रोज सकाळीं पानें उलटून अळ्या हातानें वेंचतां येतात. घरच्या बागेचें श्रेष्ठत्व तें हेंच.

परंतु हात मातींत घालण्याची शिकलेल्यांस लाज वाटते. कोरियांत हीच भाजी खारवून किमची घालण्यासाठीं शेजारीपाजारी एकत्र राबतात. त्या प्रथेची गणना युनेस्कोनें 2013 सालीं मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली. मग आपणच श्रमास हलकें कां लेखावें? विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या हिवाळ्यांत एक तरी वाफा स्वतःच्या हातानें खणा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.